पडद्यावरचा डॉक्टर आणि पाड्यावरची सेविका

पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की गडचिरोली जिल्ह्यातील भामरागडचा उर्वरित महाराष्ट्राशी असलेला संपर्क तुटतो. नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुवा भागात नर्मदेच्या काठावरील पाड्यांपर्यंत पोहोचण्यासाठी शासनाला तरंगत्या दवाखान्याचा आश्रय घ्यावा लागला. मेळघाटात तान्ह्या मुलाचे पोट फुगले म्हणून त्याला तापल्या लोखंडाने डागण्या देण्याची प्रथा अद्याप पुरती नाहीशी झालेली नाही. ही तिन्ही स्थळे, देशाची आर्थिक राजधानी ज्या राज्यात आहे, त्याच राज्यातील आहेत. अशा एखाद्या पाड्यावर रात्री दोन वाजता अर्भकाला धाप लागली, गर्भिणीला झटके येऊ लागले किंवा झोपेतल्या माणसाला मण्यार चावली, तर पहिला निर्णय कोण घेतो? मुंबई-पुण्याचा विशेषज्ञ नव्हे आणि तालुक्याचा वैद्यकीय अधिकारीही नव्हे. तो निर्णय घेते गावातली आशा कार्यकर्ती, उपकेंद्रातील परिचारिका किंवा तेथील समुदाय आरोग्य अधिकारी. त्या घटकेला तिला जे ठाऊक असेल, तेवढेच त्या गावाचे वैद्यकशास्त्र असते.

म्हणून दुर्गम भागाच्या आरोग्याचा खरा प्रश्न इमारतींचा नाही, यंत्रांचाही नाही. या सेविकेला कोण शिकवतो, कोणत्या भाषेत शिकवतो आणि एकदा शिकवून झाल्यावर तिचा हात धरून ठेवतो की सोडून देतो, हा तो प्रश्न आहे. दुर्दैवाने गेल्या अर्धशतकात याच प्रश्नाला बगल देण्यात आली.

उपग्रह आले आणि गेले

दूरवर ज्ञान पोहोचवण्याच्या साधनांत भारत कधीच मागे नव्हता. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांमध्ये उपग्रहाद्वारे दूरचित्रवाणीचा शैक्षणिक प्रयोग झाला. शेती आणि आरोग्य हे त्याचे मुख्य विषय होते. उपग्रह अमेरिकेचा, उसना घेतलेला होता. मुदत संपली, उपग्रह परत गेला आणि खेड्यांतले पडदे काळे झाले. त्यानंतर २० सप्टेंबर २००४ रोजी श्रीहरिकोटा येथून भारताने स्वतःच्या अग्निबाणाने 'एज्युसॅट' हा केवळ शिक्षणासाठी वाहिलेला उपग्रह अवकाशात सोडला. आपल्या वैज्ञानिकांनी आपले काम चोख बजावले होते आणि त्याचा अभिमान प्रत्येक भारतीयाला वाटलाच पाहिजे. परंतु २०१० मध्ये त्या उपग्रहाचे आयुष्य संपले, तेव्हा दूरच्या उपकेंद्रातील परिचारिकेला दर आठवड्याला आपला प्रश्न एखाद्या जाणत्या डॉक्टरला विचारता येईल, अशी देशव्यापी व्यवस्था काही मागे उरली नाही. दुतर्फा संवादाची सोय उपग्रहात होती. ती वापरण्याची दृष्टी शासकीय खात्यांपाशी नव्हती.

कारण सरकारी मनात शिक्षणाची कल्पना घागर भरण्याची आहे. वरून ओतायचे, खाली घ्यायचे. ओतणाऱ्याने किती ओतले याची नोंद होते. घागर भरली की पालथी होती, हे कोणी पाहत नाही.

दूरस्थ उपचार म्हणजे दूरस्थ शिक्षण नव्हे

आज परिस्थिती पालटली आहे, असे सांगितले जाते आणि ते बऱ्याच अंशी खरेही आहे. १४ एप्रिल २०१८ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जयंतीदिनी, गडचिरोलीला लागून असलेल्या छत्तीसगडच्या बिजापूर जिल्ह्यात जांगला येथे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते देशातील पहिल्या आरोग्य व निरामयता केंद्राचे उद्घाटन झाले. हीच केंद्रे २०२३ पासून 'आयुष्मान आरोग्य मंदिर' म्हणून ओळखली जातात. वर्षानुवर्षे नकाशावरही नीट न उमटलेल्या भागातून एका राष्ट्रीय योजनेचा आरंभ व्हावा, ही गोष्ट लहान नव्हे. नोव्हेंबर २०१९ मध्ये 'ई-संजीवनी' ही स्वदेशी दूरवैद्यक सेवा सुरू झाली. २०२० च्या एप्रिलमध्ये ती घरबसल्या रुग्णांनाही खुली झाली आणि तिच्यावरून दिल्या गेलेल्या सल्ल्यांची संख्या ३० कोटींच्या पलीकडे गेली. जगातील कोणत्याही राष्ट्राने हेवा करावा असे हे कार्य आहे.

परंतु कौतुकाच्या भरात एक मूलभूत भेद विसरला जात आहे. दूरस्थ उपचार आणि दूरस्थ शिक्षण या दोन भिन्न गोष्टी आहेत. दूरस्थ उपचारात शहरातील डॉक्टर पडद्यावर अवतरतो, रुग्णाला दोन प्रश्न विचारतो, औषध लिहितो आणि पडदा मिटतो. पाड्यावरची सेविका त्या वेळी काय करते? ती भ्रमणध्वनी धरून उभी राहते. रुग्ण घरी जातो, औषधाची चिठ्ठीही त्याच्यासोबत जाते आणि सेविकेपाशी काहीच उरत नाही. उद्या तोच आजार घेऊन दुसरा रुग्ण आला तर तिला पुन्हा पडद्याकडेच धाव घ्यावी लागते आणि ज्या रात्री पूर असतो, नेमका त्याच रात्री संपर्क नसतो.

मण्यारीचेच उदाहरण घ्यावे. तिच्या दंशाची खूण बहुधा दिसत नाही, सूज येत नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या जड होतात, घशाखाली घोट उतरेनासा होतो. हे ज्ञान सेविकेपाशी असेल तर ती तत्क्षणी गाडी बोलावील. नसेल तर पोटदुखीची गोळी देऊन घरी पाठवील आणि दुपारपर्यंत श्वास थांबलेला असेल. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली. वर्षाला सरासरी ५८ हजार! २०२४ मध्ये केंद्र शासनाने सर्पदंशाविरुद्ध राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. त्याचे यश शेवटी कोठे ठरणार? दिल्लीच्या सभागृहात नव्हे. पहाटे पोटदुखीची तक्रार ऐकून जिच्या मनात शंकेची पाल चुकचुकेल, त्या सेविकेच्या शिक्षणात.

पुण्यात शिकलेल्या डॉक्टरचा धडा

हे शिक्षण अंतरावरून देता येते काय? येते आणि त्याचा पुरावा एका भारतीयानेच जगापुढे ठेवला आहे. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतलेले डॉ. संजीव अरोरा अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात यकृतरोगांचे विशेषज्ञ म्हणून काम करीत होते. हिपेटायटिस-सीच्या रुग्णांना त्यांच्या भेटीसाठी आठ-आठ महिने थांबावे लागे. विस्तीर्ण, विरळ वस्तीच्या त्या राज्यात कित्येक रुग्णांना शेकडो मैल प्रवास करावा लागे. २००३ मध्ये डॉ. अरोरांनी 'इको' नावाचा प्रकल्प सुरू केला. रुग्णांना पडद्यावर आणण्याऐवजी त्यांनी खेड्यांतील आणि तुरुंगांतील दवाखान्यांत काम करणाऱ्यांना आठवड्यातून एकदा पडद्यावर एकत्र आणले. प्रत्येकाने आपल्यापुढचा अवघड रुग्ण मांडावा, इतरांनी प्रश्न विचारावेत, विशेषज्ञांनी मार्ग दाखवावा, पुढच्या आठवड्यात त्या रुग्णाचे काय झाले ते पुन्हा सांगावे, अशी ती रीत. २०११ मध्ये ४०७ रुग्णांच्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विद्यापीठाच्या रुग्णालयात ५७.५ टक्के रुग्ण बरे झाले होते, तर खेड्यांतील व तुरुंगांतील दवाखान्यांत ५८.२ टक्के. शिकवले तर खेड्यातला दवाखाना विद्यापीठाच्या तोडीस तोड उभा राहतो, हे त्यातून सिद्ध झाले.

या पद्धतीचे जगभर कौतुक झाले. पण भारतीय परंपरेला तिच्यात अपरिचित असे काय आहे? चरकसंहितेच्या विमानस्थानात 'तद्विद्यसंभाषा' सांगितली आहे. त्या विद्येत रमलेल्यांनी एकत्र बसून चर्चा करावी, शंका मांडाव्यात, एकमेकांचे ज्ञान पारखून घ्यावे. त्यातही जिंकण्यासाठी होणारा वाद वेगळा आणि मैत्रभावाने होणारी 'संधायसंभाषा' वेगळी, असा सूक्ष्म विवेक आचार्यांनी केला. ज्या देशात वैद्य घडवण्याची ही रीत शास्त्राने घालून दिली, त्या देशातील आरोग्यसेविकेला मात्र दोन दिवसांचे प्रशिक्षण, हजेरीपटावर सही आणि एक चहा एवढ्यावर शिक्षित मानले जाते! बेंगळुरूच्या 'निम्हान्स' या राष्ट्रीय मनोरोग संस्थेने २०१४ पासून ही पद्धत अवलंबिली आणि दूरच्या डॉक्टरांना मनोरोगांच्या उपचारात तरबेज करण्याचे काम हाती घेतले. पण एका संस्थेचा उपक्रम म्हणजे राष्ट्राची व्यवस्था नव्हे.

वाट दोन्ही दिशांनी जाते

शहर शिकवील आणि खेडे शिकेल, हा समजही एक प्रकारचा अहंकारच आहे. रायगड जिल्ह्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाने तडफडणारी मुले पाहिली. त्या निरीक्षणातून प्राझोसिन या स्वस्त औषधाचा उपचार उभा राहिला आणि मृत्यूचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून एक टक्क्यावर आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हे संशोधन कोणत्याही महानगरी प्रयोगशाळेत झाले नव्हते; ते कोकणातल्या एका खेड्यात झाले होते.

गडचिरोलीचा अनुभव तर याहून बोलका आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांतील अल्पशिक्षित स्त्रियांना नवजात बालकांची काळजी घेण्यास शिकवले. पूर्ण एक मिनिट श्वास मोजणे, दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास साठ किंवा त्याहून अधिक भरले तर न्यूमोनियाची शंका घेणे, बाळाला ऊब देणे आणि जंतुसंसर्गाची लक्षणे दिसताच औषध देणे, हे सारे त्या स्त्रिया शिकल्या. तेथील नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून सुमारे २५ वर आला. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने हा अभ्यास छापला, तेव्हा अवघे जग चकित झाले. या यशाचे मर्म कशात होते? शिबिर एकदा घेऊन संस्था मोकळी झाली नव्हती. शिकवणारी माणसे पुन्हा पुन्हा गावात जात होती, चुका दुरुस्त करीत होती, पुढचा धडा देत होती. २०११ मध्ये घरोघरी नवजात बालसेवेची ही कल्पना केंद्राने स्वीकारली, पण आशा कार्यकर्तीच्या हाती इंजेक्शन देण्याचे धाडस काही धोरणाने केले नाही. सेविका घेतली, तिच्यावरचा विश्वास मात्र घेतला नाही.

संपूर्ण देशातील सुमारे दहा लाख आशा कार्यकर्तींच्या घरी दर पंधरा दिवसांनी शिक्षक पाठवणे कोणत्याही शासनाला शक्य नाही. दूरस्थ शिक्षणाचे खरे प्रयोजन येथे आहे. गावात जाऊन हात धरणारा शिक्षक आणि आठवड्याला पडद्यावर भेटणारा शिक्षक, या दोघांचा मेळ घातला तर गडचिरोलीत जे घडले ते नंदुरबारमध्येही घडू शकेल.

परक्या भाषेचे ओझे

या मार्गातील सर्वांत मोठी धोंड मेकॉलेने ठेवलेली आहे आणि ती स्वतंत्र भारताने शेंदूर फासून पूजली आहे. परिचारिकेची पाठ्यपुस्तके इंग्रजीत, औषधाच्या वेष्टनातील माहितीपत्रक इंग्रजीत, वरिष्ठांची परिपत्रके इंग्रजीत. वैद्यक मराठीत शिकवताच येत नाही, असे सांगणाऱ्यांना इतिहास ठाऊक नसतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, इंग्रजांच्याच राज्यात, मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात मराठी आणि गुजरातीतून वर्ग चालत असत. परकीय सत्तेला जे सुचले ते स्वकीयांना सुचू नये, याला काय म्हणावे? ऑक्टोबर २०२२ मध्ये मध्य प्रदेशाने वैद्यकाच्या प्रथम वर्षाची पुस्तके हिंदीत आणली, तेव्हा इंग्रजाळलेल्या वर्गाने त्याची खिल्ली उडवली. शस्त्रक्रियेची भाषा कोणती असावी यावर वाद होऊ शकेल. पण बाळाचे श्वास मोजायला इंग्रजी कशाला हवी?

आणि मराठीही पुरेशी नाही. मेळघाटात कोरकू बोलली जाते, भामरागडात माडिया, सातपुड्यात पावरी आणि भिली. आई आपल्या बाळाचे दुखणे ज्या शब्दांत सांगते, ते शब्द शिक्षकाला कळले पाहिजेत. वनवासी बांधवांच्या बोलीत आरोग्याचे धडे ध्वनिमुद्रित व्हावेत, संपर्क नसला तरी ते भ्रमणध्वनीवर ऐकता यावेत, ही अपेक्षा अवाजवी नाही. राष्ट्रीय शिक्षण धोरण (२०२०) मातृभाषेचा आग्रह धरते. तो आग्रह पहिलीच्या वर्गापाशी थांबावा असे कोठेही लिहिलेले नाही.

विरोध आणि त्याचे उत्तर

सेविकांना अधिक शिकवा, अधिक अधिकार द्या, असे म्हटले की वैद्यकीय व्यवसायाच्या प्रतिष्ठितांमधून एकच प्रश्न येतो: खेड्यातल्या माणसाला दुय्यम दर्जाचा उपचार का? ही परंपरा जुनी आहे. १९४६ च्या भोर समितीने एकाच प्रकारच्या, पूर्ण पदवीधर डॉक्टरचा पुरस्कार केला आणि तोवर खेड्यापाड्यांत राबणारा परवानाधारक वैद्यकीय व्यावसायिकांचा वर्ग हळूहळू संपला. हेतू उदात्त होता. पण पदवीधर खेड्यात गेला नाही. २ ऑक्टोबर १९७७ रोजी जनता पक्षाच्या राजवटीत गावोगावी स्वयंसेवी आरोग्यरक्षक नेमण्याची योजना सुरू झाली. सातत्याच्या शिक्षणाअभावी ती कोमेजली. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याने मर्यादित परवान्याच्या समुदाय आरोग्य सेवादात्यांची तरतूद केली, तेव्हा ३१ जुलै २०१९ रोजी डॉक्टरांच्या संघटनेने देशव्यापी संप पुकारला.

अर्धवट ज्ञान घातक असते, ही भीती निराधार नाही. म्हणूनच अधिकाराला मर्यादा हव्यात, रुग्ण वर केव्हा पाठवायचा याचे काटेकोर नियम हवेत. परंतु प्रश्न विचारणाऱ्यांनी एक सत्य मान्य केले पाहिजे. पाड्यावरच्या माणसापुढे उत्तम डॉक्टर आणि दुय्यम डॉक्टर असा पर्याय नाही. त्याच्यापुढे शिकलेली सेविका आणि भोंदू डॉक्टर, एवढाच पर्याय आहे. ज्याला अर्धवट ज्ञानाची भीती वाटते, त्याने ते ज्ञान पूर्ण करण्यासाठी आठवड्याला एक तास द्यावा. संप करण्यापेक्षा ते अधिक परिणामकारक ठरेल.

शासनाचे आणि समाजाचे कर्तव्य

शासनाकडून काही गोष्टींची मागणी झालीच पाहिजे. प्रत्येक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने काही दुर्गम तालुके दत्तक घ्यावेत आणि तेथील सेविकांसाठी साप्ताहिक रुग्णचर्चा हे अध्यापकांचे नियत कर्तव्य मानावे. गट लहान असावेत, शिक्षक वरचेवर बदलू नयेत. ज्याला सेविकेचे नाव आणि तिचे गाव ठाऊक आहे, त्यालाच ती आपली चूक सांगेल. शिकण्याचा वेळ हा कामाचा वेळ मानून आशा कार्यकर्तीला त्याचे मानधन मिळावे. दिवसभराचा रोजगार बुडवून कोणी विद्यार्जन करावे, ही अपेक्षा सुस्थितांनी करू नये. मुक्त विद्यापीठांनी या शिक्षणाला प्रमाणपत्राची आणि पदोन्नतीची शिडी जोडावी. आणि यशाचे मोजमाप किती जण पडद्यासमोर बसले यावर नव्हे, किती बाळे वाचली यावर व्हावे.

पण सारे शासनावर सोपवून मोकळे होणे हा संघविचाराचा मार्ग कधीच नव्हता. १९५२ मध्ये जशपूरला सुरू झालेल्या वनवासी कल्याण आश्रमाची आरोग्यरक्षक योजना गावातल्याच तरुण-तरुणींना प्राथमिक उपचारांसाठी तयार करते. शासनाच्या योजना बदलल्या, नावे बदलली, पण पाड्यावरचा आरोग्यरक्षक आपल्या औषधांच्या पेटीसह उभा राहिला. आज त्याला आणि त्याच्यासारख्या सहस्रावधी सेविकांना शिक्षक हवे आहेत. मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक येथील सुस्थित डॉक्टरांपैकी किती जण आठवड्याचा एक तास या कामी देतील? विदेशांत नाव कमावलेले मराठी विशेषज्ञ मातृभूमीच्या ऋणाची भाषा करतात. ते ऋण फेडण्यासाठी आता विमानाचे तिकीटही लागत नाही.

सेवेआडून मतांतर होते, ही तक्रार वर्षानुवर्षे ऐकू येते. गडचिरोलीच्या जंगलात बंदुकीने दीर्घकाळ जी दहशत माजवली, तिचीही चर्चा झाली. परंतु केवळ तक्रारीने पोकळी भरत नाही. ज्या पाड्यावर आपल्याच समाजाची एक जाणती लेक आजारी बाळाच्या उशाशी रात्र जागवते, आणि तिच्या पाठीशी शहरातला एक जाणता भाऊ उभा असतो, तेथे पोकळीच शिल्लक राहत नाही. नगरवासी आणि वनवासी हे एकाच देहाचे अवयव आहेत, असे व्यासपीठावरून सांगणे सोपे आहे. एका अवयवाचे ज्ञान दुसऱ्या अवयवापर्यंत वाहिले नाही, तर तो देह अर्धांगवायूने जखडलेला आहे, असेच म्हणावे लागेल. हे रक्ताभिसरण पुन्हा सुरू करण्याचे साधन आज हाताशी आहे. ते वापरण्याची इच्छाशक्ती दाखवणे, हीच या घडीची राष्ट्रसेवा आहे.